रुग्ण उचलण्या-हलवण्याचे प्रशिक्षण

रुग्ण उचलण्या-हलवण्याचे प्रशिक्षण हा परिचर्याशिक्षणाचा एक मूलभूत भाग आहे. अंथरुणाला खिळलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या, अर्धांगवायू झालेल्या किंवा अपघातग्रस्त रुग्णाची कूस बदलणे, त्याला खाटेवर वर सरकवणे, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत किंवा स्ट्रेचरवर घेणे ही कामे रुग्णाला इजा न होता व परिचारिकेच्या पाठीला अपाय न होता कशी करावीत, हे त्यात शिकवले जाते. या शिक्षणाचा पाया म्हणजे देहयांत्रिकी. शरीराचा तोल, सांध्यांची स्थिती आणि स्नायूंचे बळ यांचा योग्य वापर कसा करावा, याचे हे शास्त्र होय. पूर्वी हे शिक्षण ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ एवढ्या सूचनेपुरते मर्यादित असे. केवळ उचलण्याची पद्धत सुधारून पाठ वाचत नाही, मुळात उचलण्याचे प्रसंगच कमी करावे लागतात, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. यंत्रे आणि मनुष्यबळ दोन्ही मर्यादित असलेल्या ग्रामीण रुग्णालयांत या फरकाला विशेष महत्त्व आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे डोंगराळ तालुके त्याचे उदाहरण म्हणून पाहता येतात.

पाठीच्या कण्यावरील भार

माणूस उभा असताना त्याचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आतील भागात, त्रिकास्थीच्या पुढे असतो. या बिंदूतून खाली काढलेली लंबरेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते, तोवर तोल टिकतो. पावले फाकवून, एक पाऊल किंचित पुढे ठेवून उभे राहिल्यास ही जागा वाढते. गुडघे थोडे वाकवल्यास गुरुत्वमध्य खाली येतो आणि तोल अधिक स्थिर होतो. देहयांत्रिकीचे पहिले दोन नियम यातूनच येतात.

तिसरा नियम तरफेचा आहे. पुढे वाकून वजन उचलताना कमरेचा शेवटचा मणका व त्रिकास्थी यांमधील चकती टेकूचे काम करते. वजन या टेकूपासून दूर असते, परंतु ते पेलणारे पाठीचे स्नायू चकतीपासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावर असतात. १० किलोग्रॅम वजन कण्यापासून ५० सेंटिमीटर दूर धरले, तर तेवढ्यासाठी स्नायूंना सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतके बळ लावावे लागते. तेच वजन २५ सेंटिमीटरवर, म्हणजे अंगालगत आणले, तर हे बळ निम्म्यावर येते. स्नायूंचा हा सगळा ताण चकतीवर दाबाच्या रूपाने पडतो. त्यात कमरेवरील शरीराच्या वजनाचीही भर पडते. त्यामुळे रिकाम्या हातांनी बराच वेळ खाटेवर ओणवे राहणे, उदाहरणार्थ अंग पुसणे किंवा मलमपट्टी करणे, हेही पाठीला त्रासदायक ठरते.

स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीतील दाब थेट मोजला. ताठ उभे असतानापेक्षा पुढे वाकल्यावर आणि वाकून वजन धरल्यावर तो बराच वाढतो, असे त्यांना आढळले. वाकण्याबरोबर कंबरेत पीळ पडला, तर चकतीच्या तंतुमय कड्यावर आणखी ताण येतो. पाय जागेवर ठेवून केवळ धड वळवू नये, पावलांसह संपूर्ण शरीर वळवावे, हा नियम यासाठीच शिकवला जातो.

माणूस आणि ओझे यांतील भेद

गोदामातील पेटी उचलण्यासाठी बनवलेले नियम रुग्णाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पेटीला मुठी असतात, तिचा आकार ठरलेला असतो आणि ती मध्येच हालत नाही. रुग्णाचे वजन मात्र शरीरभर विखुरलेले असते. तो घाबरतो, अचानक गळ्यात हात टाकतो, त्याच्या पायांतील त्राण मध्येच जाते. त्याच्या शरीरावर जखमा, सलाइनची नळी किंवा लघवीची पिशवी असते. शिवाय खाट मध्ये असल्याने परिचारिकेला त्याच्या अगदी जवळ जाता येत नाही. तरफेचा हात त्यामुळे आपोआप लांबतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने वजन उचलण्याचे जे समीकरण तयार केले आहे, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना २३ किलोग्रॅम ही कमाल शिफारस आहे. कमरेच्या चकतीवरील दाबासाठी याच संस्थेने ३४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलोग्रॅम वजनाइतकी मर्यादा धरली आहे. रुग्णांच्या बाबतीत अनिश्चितता अधिक असल्याने संस्थेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये सुमारे १६ किलोग्रॅमची मर्यादा सुचवली. ही मर्यादा किती लवकर गाठली जाते, हे साध्या हिशेबाने कळते. माणसाचा एक संपूर्ण पाय त्याच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णाचा पाय म्हणजे जवळपास १० किलोग्रॅम झाले. मलमपट्टीसाठी तो हात लांबवून धरून ठेवणे हेही हलके काम नव्हे. संपूर्ण रुग्णाला एकटीने उचलणे तर कोणत्याही पद्धतीने सुरक्षित ठरत नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठातील विल्यम मॅरस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण हलवण्याच्या विविध पद्धतींत कण्यावर पडणारा भार मोजला. एका व्यक्तीने रुग्ण हलवणे सर्वाधिक धोक्याचे आढळलेच, पण दोघींनी मिळून हलवतानाही धोका पूर्णपणे टळत नव्हता. २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. केवळ उचलण्याच्या तंत्राचे शिक्षण दिल्याने पाठदुखी टळते, याला पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. देहयांत्रिकी निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नाही. शिक्षणाला पुरेसे मनुष्यबळ, योग्य उंचीची खाट आणि घर्षण कमी करणारी साधने यांची जोड हवी, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

धोरणे व कायदे

युरोपीय समुदायाने १९९० मध्ये हाताने ओझी हलवण्यासंबंधी निर्देश काढला. त्यानुसार ब्रिटनमध्ये १९९२ साली नियम करण्यात आले. धोकादायक उचल शक्य तेथे टाळावी, टाळता येत नसेल तर धोक्याचे मूल्यमापन करावे आणि तो कमी करावा, असा त्यांचा क्रम आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याने २००५ मध्ये रुग्णालयांना सुरक्षित रुग्णहाताळणीचे धोरण आखणे बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१२ मध्ये आरोग्यसेवेतील माणसांच्या हाताळणीवर स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ नुसार इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कामगाराकडून उचलून घेता येत नसे. मात्र ही तरतूद कारखान्यांपुरती होती आणि रुग्णालयाचा कक्ष तिच्या कक्षेत येत नव्हता. कमाल वजनासंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६७ चा करार भारताने २०१० मध्ये मान्य केला. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात ‘परिचर्येची मूलतत्त्वे’ या विषयात देहयांत्रिकी, रुग्णाच्या शारीरिक स्थिती आणि रुग्ण हलवण्याच्या पद्धती शिकवल्या जातात. हा भाग बहुधा पहिल्याच वर्षी येतो. तेव्हा विद्यार्थिनी सराव करतात तो पुतळ्यावर किंवा सुदृढ मैत्रिणीवर. प्रत्यक्ष कक्षातील गर्दी, अरुंद जागा आणि अपुरे हात यांचा अनुभव पुढे येतो. त्यामुळे सेवेत असताना पुन्हा प्रशिक्षण देण्याची आवश्यकता मानली जाते.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील परिस्थिती

महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले शहर असून पोलादपूर त्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही गावांवरून जातो. पोलादपूरहून एक रस्ता कशेडी घाटाने खेडकडे, तर दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढतो. महाडहून वरंध घाटाने भोरला जाता येते. महाडजवळ रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. घाटांतील अपघातांचे, कारखान्यांतील दुर्घटनांचे आणि डोंगरवाड्यांतील रुग्ण अशा तिन्ही प्रकारच्या रुग्णांचा भार येथील आरोग्यसेवेवर येतो. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या.

शासकीय रचनेत प्राथमिक आरोग्य केंद्र साधारणतः ६ खाटांचे व ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते. डोंगराळ भागात एका उपकेंद्रासाठी ३००० लोकसंख्येचा निकष आहे. अशा लहान संस्थांत रात्रपाळीला हात थोडे असतात आणि रुग्ण हलवण्याच्या कामात नातेवाइकांची मदत घ्यावी लागते. रुग्ण उचलणारे विजेचे पाळणे किंवा उंची बदलणाऱ्या विद्युत खाटा अशा ठिकाणी गृहीत धरता येत नाहीत. त्या असल्या तरी मुसळधार पावसात वीज गेली की निरुपयोगी होतात. म्हणून येथे उपयोगी पडणारे प्रशिक्षण चादर, लाकडी फळी, ठोकळे आणि सुसूत्र हात यांवर आधारलेले असावे लागते.

रुग्णालयात येण्यापूर्वीही रुग्ण अनेकदा उचलला गेलेला असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे, परंतु वाहन सडकेपर्यंतच येते. जेथे सडक पोहोचलेली नाही किंवा पावसाळ्यात तुटते, अशा वाड्यांवरून रुग्णाला डोलीत किंवा बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावे लागते. आरोग्यसेविका व आशा यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षणात म्हणूनच डोलीचाही विचार करावा लागतो.

प्रशिक्षणाचा आशय

उचलण्यापूर्वीचे प्रश्न. रुग्णाला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहण्यास शिकवले जाते. रुग्ण स्वतः किती हालचाल करू शकतो, त्याचे वजन किती असावे, मदतीला किती जण आहेत आणि जागा मोकळी व कोरडी आहे का? पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रुग्णाने गुडघे दुमडून टाचांनी रेटा दिला, तरी परिचारिकेचा भार बराच कमी होतो. काय करणार आहोत, हे त्याला आधी सांगितल्यास तो घाबरून अंग ताठ करत नाही.

खाटेची उंची. खाट साधारण परिचारिकेच्या कमरेएवढी उंच असावी. ठेंगण्या खाटेच्या पायांखाली खोबण असलेले लाकडी ठोकळे ठेवता येतात. ती घसरणार नाही, याची खात्री करावी लागते. रुग्ण घरी जमिनीवरच झोपत असेल, तर ओणवे न होता एक गुडघा टेकून बसावे.

वर सरकवणे. खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी चादर त्याच्या खाली घालावी. दोन्ही बाजूंना एकेकीने चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगालगत गुंडाळून धराव्यात आणि मागच्या पायावरचे वजन पुढच्या पायावर नेत सरकवावे. घर्षणाचा गुणांक ०.५ धरल्यास ६० किलोग्रॅमच्या रुग्णाला सपाट खाटेवर सरकवण्यासाठी सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतके बळ लागते. चादरीखाली गुळगुळीत कापड घालून गुणांक ०.२ वर आणला, तर ते १२ वर येते. खाटेची डोक्याकडील बाजू थोडा वेळ सपाट किंवा किंचित खाली केल्यासही मदत होते. मात्र धाप लागलेल्या, डोक्याला मार लागलेल्या किंवा नुकतेच जेवलेल्या रुग्णाच्या बाबतीत असे करू नये.

कूस बदलणे. शय्याव्रण टाळण्यासाठी कूस वारंवार बदलावी लागते. रुग्ण ज्या बाजूला वळवायचा त्या बाजूला परिचारिका उभी राहते, त्याचा पलीकडचा गुडघा दुमडते आणि खांदा व नितंब यांना धरून त्याला स्वतःकडे वळवते. यात उचल नसून लोळण असते. कण्याला इजा झाल्याचा संशय असल्यास डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून किमान तिघा-चौघांनी एकदम वळवावे. आज्ञा देणारी व्यक्ती डोक्याशी असावी.

खाटेवरून खुर्चीत. अर्धांगवायूच्या रुग्णाची खुर्ची त्याच्या बळकट बाजूला ठेवतात आणि तिची चाके रोखून धरतात. रुग्णाला काठावर बसवून पावले जमिनीवर टेकवू द्यावीत आणि चक्कर येत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर त्याला पुढे झुकण्यास सांगून कमरेच्या पट्ट्याला धरून उभे करावे. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. त्यामुळे खांद्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो.

पडणारा रुग्ण. चालता चालता कोसळणाऱ्या रुग्णाला झेलण्याचा प्रयत्न करू नये. मागे उभे राहून त्याला आपल्या पायावरून हळूहळू जमिनीवर टेकू द्यावे आणि डोके सांभाळावे. जमिनीवरच्या रुग्णाला तपासल्यानंतरच, पुरेसे हात जमवून चादरीने किंवा फळीने वर घ्यावे.

स्ट्रेचर, जिना व डोली. सपाट जागी रुग्णाचे पाय पुढे असावेत, म्हणजे डोक्याकडील वाहकाला त्याचा चेहरा दिसतो. जिना किंवा डोंगर चढताना डोके पुढे व उतरताना पाय पुढे, म्हणजे दोन्ही वेळा डोके वरच्या बाजूस राहते. स्ट्रेचरच्या पुढील व मागील वाहकांनी विरुद्ध पाय टाकावेत. एकाच पायाने चालल्यास स्ट्रेचर झोके घेऊ लागते. उतारावर झोळीतील शरीर खाली सरकते आणि भार खालच्या वाहकावर येतो. म्हणून तेथे उंच व बळकट व्यक्ती असावी आणि वाहकांनी ठरावीक अंतरावर खांदेपालट करावी. ‘एक, दोन, तीन’ म्हणताना ‘तीन’ला उचलायचे की ‘तीन’नंतर, हे आधी ठरवून घ्यावे लागते. त्यातील गोंधळाने एकाच्या हातावर सगळा भार येतो.

आजारानुसार बदल. सर्पदंश झालेल्या रुग्णाला चालवू नये. दंश झालेला अवयव हलणार नाही, असा आधार देऊन त्याला वाहून न्यावे. लाल विंचवाच्या तीव्र दंशात फुप्फुसांत पाणी साचून धाप लागू शकते. अशा रुग्णाला आडवे न नेता टेकवून बसवून न्यावे लागते. या दंशावरील उपचारांचे महत्त्वाचे संशोधन डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातच केले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

टाळावयाच्या पद्धती

काखेत हात घालून रुग्णाला ओढणे ही पद्धत अनेक ठिकाणी अजून रूढ आहे. तिच्यात रुग्णाच्या खांद्याला व त्वचेला इजा होते आणि परिचारिकेला वाकून, वळून, हात लांब करून ओढावे लागते. रुग्णाला गळ्याभोवती हात टाकू देणे, एकटीने दोन्ही हातांवर उचलणे आणि चादरीचे चार कोपरे धरून रुग्णाला अधांतरी नेणे याही धोक्याच्या पद्धती मानल्या जातात. ओल्या फरशीवर रबरी चपला घालून रुग्ण हलवणे कोकणातील पावसाळ्यात विशेष जोखमीचे ठरते. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे वापरावीत, असे सांगितले जाते.

शिकवण्याची पद्धत

हा विषय व्याख्यानाने शिकवता येत नाही. पाठ्यनिर्देशिकेने करून दाखवणे, विद्यार्थिनीने करणे आणि चूक तेथेच सुधारणे असा क्रम ठेवतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एकदा रुग्ण होऊन पाहण्याचा पाठ उपयुक्त मानला जातो. काखेत धरून ओढले जाणे आणि चादरीवरून सरकवले जाणे यांतील फरक मग सांगावा लागत नाही. परिचारिका, कक्षसेवक, आया आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांना एकत्र शिकवणे इष्ट असते. रुग्ण हलवण्याचे काम ते मिळून करतात. एकाला पद्धत ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडीत अपघात संभवतो.

रुग्ण घरी सोडताना नातेवाइकांना शिकवणे हा प्रशिक्षणाचा अखेरचा टप्पा होय. अर्धांगवायूच्या रुग्णाला घरी बहुधा पत्नी, सून किंवा म्हातारी आई दिवसातून अनेकदा हलवते. तिच्यासाठी पाळी नसते आणि सुट्टीही नसते. आडवी चादर, खाटेचे ठोकळे आणि बळकट बाजूचा नियम या तीन गोष्टी तिच्याकडून सोडण्यापूर्वी प्रत्यक्ष करवून घेतल्यास घरातील दुसरी व्यक्ती अंथरुणाला खिळण्याचा धोका कमी होतो.

मर्यादा

केवळ तंत्रशिक्षणावर भर दिल्यास पाठदुखीचा दोष परिचारिकेवर टाकला जाण्याचा संभव असतो. ‘चुकीचे उचलले म्हणून दुखले’ असे म्हटले की खाटेची उंची, कक्षातील गर्दी आणि पाळीतील माणसांची संख्या हे प्रश्न बाजूला पडतात. रात्री एकटी असलेली परिचारिका नियम माहीत असूनही घसरलेल्या रुग्णाला तसेच ठेवू शकत नाही. म्हणून प्रशिक्षणाबरोबर काही व्यवस्था आवश्यक मानल्या जातात. दोघांची गरज असलेल्या रुग्णांची नोंद खाटेवर लावणे, मदतीला कोणाला बोलवायचे हे पाळीच्या आरंभी ठरवणे, सरकवण्याच्या चादरी प्रत्येक कक्षात ठेवणे आणि पाठीच्या दुखण्याची नोंद कामाशी संबंधित इजा म्हणून करणे, या त्यांपैकी प्रमुख होत. यांपैकी बहुतेकांना मोठा खर्च येत नाही. पुरेसे मनुष्यबळ देणे मात्र संस्थेच्या हातात असते आणि त्याची जागा कोणतेही तंत्र घेऊ शकत नाही.